आमेनच्या आधी

ताई,

मी रोज एक लबाडी करतोय. जेवणाआधी पोरी डोळे मिटून प्रार्थना करतात, तेवढ्यात मी खिशातलं चॉकलेट त्यांच्या ताटांत सरकवतो. म्हणतो, देवानं धाडलं. शाळेत बाईंच्या पर्समध्ये बेडूक सोडणारा हात आहे, सराईत. त्यांची आई वारल्यापासून दोघी जेवतच नव्हत्या, मग काय करू?

काल धाकटीनं आईच मागितली. आमेन झालं तरी डोळे उघडेना. जेवण गार झालं.

शेवटी मोठी म्हणाली, "उघड गं डोळे. पप्पांच्या खिशात आई कशी मावेल?"

धाकटीनं डोळे उघडले, माझ्या खिशाकडे बघितलं आणि मुकाट जेवायला लागली.

हे पत्र टाकेन असं वाटत नाही. टाकलंच, तर हात जोडतो, कुणाला सांगू नकोस. चर्चच्या पाळकसाहेबांना तर नकोच नको.

तुझा उपद्व्यापी भाऊ