पिवळ्या झबल्यांची जाहिरात

मुखेड, मंगळवार, संध्याकाळ

राग जातच नाही. दीड महिन्यापूर्वी माझा गर्भ पडला, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सासूबाईंना सांगायचं धाडसच झालं नव्हतं. पण दिवस राहिले तेव्हा काय खावं, काय टाळावं, ते मी फोनवर शोधलं होतं. तेव्हापासून पिवळ्या झबल्यांची जाहिरात यायची. नंतरही येतच राहिली.

आज सासूबाईंनी कीर्तन बघायला माझा फोन घेतला. मध्येच तीच पिवळी झबली! केवढ्या हरखल्या. "सूनबाई, गोड बातमी हाय का गं?" मला सांगावंच लागलं. दोघी रडलो. ब्राउझर, मेल, खातं, सगळं ज्या एकाच कंपनीचं, तिला माझ्या घरातली गोष्ट सांगायचा हक्क कुणी दिला?

लगेच पाळत न ठेवणारा ब्राउझर घेतला, मेलही दुसरीकडे नेला. हे म्हणाले, "सगळं जग तेच वापरून राहिलं. आपल्याला काय लपवायचंय?"

"आईंना विचारा," म्हटलं.

जुनं खातं बंद करताना कंपनीनं कारण विचारलं. चार पर्याय होते. माझं कारण त्यात नव्हतं. हाताला लागेल ते दाबलं आणि बंद केलं.