डाव्या डोळ्यातला डाग

३ एप्रिल
आज ओनोमिचीला पोहोचले. मुलाचं, मासानोरीचं, घर चढावर आहे, खिडकीतून सगळं बंदर दिसतं. सून यासुए नव्या नोकरीला लागली, म्हणून तीन वर्षांच्या कोहारुला सांभाळायला मला बोलावून घेतलं. आल्या आल्या पोरीने हात धरून घरभर फिरवलं. रात्री बांबूच्या कोंबांचा भात. दोनदा घेतला.

माझा उजवा डोळा लहानपणीच गेला. डाव्यातल्या रक्तवाहिन्यांना फुगे आले होते, ते गळायचे. हिवाळ्यात दंडात औषध टोचून, डोळ्यात प्रकाश सोडून ते बंद केले. त्या औषधानंतर ऊन चालत नाही, म्हणून पाच दिवस पडदे ओढून बसले होते. आता स्वच्छ दिसतं. डॉक्टरांनी चौकटींचा कागद दिलाय, रोज बघायचा. एखादी रेषा वाकडी दिसली तर लगेच या, म्हणाले.

११ एप्रिल
मधली रेषा जराशी वाकडी दिसली. कागदालाच घडी पडली असेल. मासानोरीने विचारलं, रेषा सरळ आहेत ना? आहेत, म्हटलं. मी दवाखान्यात अडकले तर सुनेला नोकरी सोडावी लागेल.

१९ एप्रिल
समोरच्याचा चेहरा दिसत नाही. नजर बाजूला नेली की कडेने दिसतो. म्हणून कोहारुशी बोलताना तिच्या कानापलीकडे बघते. आज जेवताना ती म्हणाली, “आजी, माझ्या बाजूला कोण बसलंय गं? तू सारखी त्याच्याशीच बोलतेस.” यासुए म्हणाली, “आई, घाबरवू नका हो तिला!” सगळे हसले. मीही.

२४ एप्रिल
डाग वाढला. मधोमध काळं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. तांदूळ धुतले.
मला समोरचं दिसत नाही, हे कोहारुला कळलंय. श्वास रोखून अगदी समोर उभी राहते. मी हाका मारत फिरते. मग खुदकन हसते, “इथेच तर होते!”

२७ एप्रिल
मासानोरीला सांगायला गेले. तोच म्हणाला, आई, तू आहेस म्हणून घर चाललंय.
नाही सांगितलं.

२८ एप्रिल, दुपार
दोघं कामावर. बोटाने ओळ धरून, जाड शाईने लिहितेय. कोहारु म्हणाली, “तू वही लिही. वर बघायचं नाही हं. मी लपते.”

वर पाहिलं. काळं.
समोरच असेल. हात पुढे केला — नाही.
हसत नाहीये. इतका वेळ कधी —
वारा येतोय. दार लावलं होतं मी. लावलं होतं ना —
उठायला हवं. हात लिहितोच आहे.
खिडकीतून खाली रस्त्यावर, नजरेच्या कडेला, काहीतरी लाल हललं. आज तिने कुठल्या रंगाचा फ्रॉ