बाटलीत एक तृतीयांश पाणी

छत्रपती संभाजीनगर,
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. रामेश्वरदादास,
सत्यशीलेचा सा. न. वि. वि.

वहिनी गेल्यापासून तू फोनवर नुसता ‘हं, हं’ करतोस, म्हणून पत्र लिहिते. तुझी विशाखा माझ्याकडे नीट आहे. जेवते, अभ्यास करते. हट्टाच्या बाबतीत मात्र थेट तुझ्यावर गेली आहे!

शाळेत पाण्याच्या बाटलीचं रॉकेट करायचं आहे. मी, विज्ञान शिकवणारी तिची आत्या, दहादा सांगितलं की एक तृतीयांशच पाणी घे. वर मोकळी जागा असली तरच सायकलच्या पंपाने हवा दाबून भरता येते. ती हवा पाण्याला जोराने खाली फेकते आणि त्या धक्क्याने बाटली वर जाते. पण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ही पोर बाटली गळ्यापर्यंत भरते, रॉकेट हातभर उडून आडवं होतं. मुलं हसतात, तरी पाणी कमी करू देत नाही. तूच समजाव.

लोभ आहेच, तो लेकीलाही चार ओळींतून कळू दे.

तुझी,
सत्यशीला


छत्रपती संभाजीनगर,
१८ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते. काल मी वैतागून तिच्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं. पोर मैदानातच बसून हमसून हमसून रडली. म्हणाली, आई मेंढरांमागं गेली त्या दिवशी हापशावर लई गर्दी होती, म्हणून मी बाटली अर्धीच भरून दिली. पाणी संपलं अन् आईला ऊन लागलं. आठ महिने हे तिने एकटीने पोटात ठेवलं, दादा. मला फार वाईट वाटतंय. काय सांगू तिला?

लोभ असो, पण या वेळी उत्तर दे.

सत्यशीला


कन्नड,
२२ जानेवारी २०२६

चि. सौ. सत्यशीलास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. विशाखाची आई बाभळीखाली सापडली तवा बाटली तिच्या पिशवीत होती. पाणी शिल्लक होतं. ऊन लागलं, हे मीच सगळ्यांना सांगितलं.

त्या सकाळी तिच्या छातीत कळ आली होती. म्हणाली, आज मेंढरं तुम्ही न्या. मला बाजाराला जायचं होतं. मी म्हणालो, रोजची नाटकं करू नको. ती उठली अन् गेली.

पोरीला शिकायला म्हणून तुझ्याकडं धाडलं, ते खोटं. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला.

हे पत्र तिच्याच हातात दे. मग तिनं मला आबा म्हटलं नाय तरी चालंल.

लोभ उरला तर असू द्यावा.

रामेश्वर