मानेखालचा हात

अण्णा, तुमच्यामागे टीव्हीवरच्या कुस्तीत बरीच उलथापालथ झाली आहे. तुमच्या वेळी सगळं सोपं होतं. चांगला पैलवान पोरांशी हात मिळवत यायचा, वाईट पैलवान पंचाची पाठ वळली की खुर्ची उचलायचा. आता वाईटालाच जास्त टाळ्या पडतात, चांगला आला की लोक हुर्यो करतात, आणि काही महिन्यांनी दोघांची अदलाबदल झाली तरी कुणी खुलासा मागत नाही. माझी लेक म्हणते, "आई, चांगला तो बोअर असतो गं. सगळी मॅच व्हिलनच चालवतो."

मला आपल्या कर्वेनगरच्या घरातले रविवार आठवले. तुम्ही बनियनवर, मांडीवर शेंगांचं ताट घेऊन बसला आहात, आणि शाळकरी मी वाईट पैलवानाला शिव्या घालते आहे. तुम्ही तरुणपणी मांजरी गावातल्या तालमीत खरी माती अंगाला लावलेली. ही नाटकी कुस्ती तुम्ही बघता तरी कशी, याचं मला नवल वाटायचं. तो वाईट पैलवान चांगल्याला उचलून आपटतो, आणि तुम्ही म्हणता, "त्याचा हात बघ की. मानेखाली हाय. लागू देत न्हाई त्यो. शिव्या खातोय आन् जपतोय." मी म्हणते, "पण वाईट आहे ना तो?" तुम्ही शेंग फोडता. "कुणीतरी व्हायला लागतंय," एवढंच म्हणता.

घरात ते काम तुमच्याकडे होतं. बारावीनंतर मला बेंगळुरूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा "न्हाई. हितंच शिकायचं," असं तुम्ही म्हणालात आणि कारण दिलं नाहीत. मी कित्येक महिने तुमच्याशी बोलले नाही. ताट उचलून स्वयंपाकघरात आईपाशी जेवायचे, आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवायची. पुढे कोथरूडला कॉलेज केलं, नोकरी लागली, संसार झाला, तुमच्याशी बोलूही लागले. पण तो नकार शेवटपर्यंत तुमच्याच नावावर राहिला.

गेल्या रविवारी लेकीचं व्हिलनपुराण ऐकून मेथी निवडता निवडता आई हसली. "तुझे आजोबाबी हेच म्हणायचे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेंगळुरूला नको, हे माझं होतं. त्यांना तुला पाठवायची होती. मलाच भ्या वाटलं, गेलीस की परत यायची न्हाईस. मी म्हटलं, तुम्ही सांगा, माझ्यानं सांगवायचं न्हाई."

उरलेली जुडी मीच निवडून टाकली. राग आला, नाही असं नाही. पण इतक्या थकलेल्या बाईवर तो किती वेळ धरणार? त्याहून जास्त प्रश्नच सुचत राहिले, आणि ते सगळे तुम्हाला विचारायचे. तुम्ही लगेच तयार झालात, की आधी तिच्याशी भांडलात? मी ताट घेऊन आत निघून जायचे तेव्हा तुम्ही टीव्हीकडे बघत बसायचात, ते खरंच बघत होतात का? एकदा तरी 'मी नाही, ती' असं सांगून टाकावंसं वाटलं का? आणि "कुणीतरी व्हायला लागतंय" हे तुम्ही कुस्तीबद्दलच म्हणालात ना?

हे लिहून तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण फोटो रोज आई पुसते, तिच्या हाती लागलं तर ती मनाला लावून घेईल. तेव्हा फाडूनच टाकीन. त्याआधी एक सांगते. लेकीला मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं आहे. काल मी तिच्या बाबाला म्हटलं, "तू नाही म्हण ना. माझं सध्या तिच्याशी बरं चाललंय." तो बिचारा जाऊन सांगून आला. खोलीचं दार धाडकन आपटलं. मी नेहमीसारखी समजूत काढायला उठले, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, आणि मला आई आठवली. हात काढून घेतला. म्हटलं, "बाबाला बोलू नकोस. नाही म्हणणारी मी आहे."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. अण्णा, एकच दिवस झालाय, आणि मला सोसत नाहीये.