वीरेशचं अर्धं वाक्य

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
परळी वैजनाथ, ९ जून २००७

सौ. कावेरीताईस,
ईश्वरीचे शरणार्थ. वि. वि.

आधी आपल्या भावाची खबर: वीरेश आता काठी टेकत दुकानापर्यंत येतो. मराठी मात्र परत आली नाही. वीस वर्षं ग्रीसच्या बंदरात वेल्डिंग केलं, गावी आला आणि लकवा झाला, तर डोक्यात ग्रीकच तेवढी उरली. आपलं बोलणंही त्याला नीट कळत नाही.

तो रोज ‘स्पिती’ आणि ‘फिगो’ म्हणतो. म्हणजे घर, आणि जायचं. हे मीच तुम्हाला सांगितलं आणि दाजींनी त्याला परत पाठवायचं ठरवलं. पण या दोन शब्दांच्या आजूबाजूला तो बरंच काही पुटपुटतो. त्याचा अर्थ मला लागत नाही, आणि दुसऱ्या कुणासमोर तो तोंड उघडत नाही. म्हणून पहिला वर्ग संपताच मी ग्रीकच्या वरच्या वर्गाला नाव घातलंय. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत हेडफोन लावून बसते, स्टेलाबाई अथेन्सहून शिकवतात. वीजकेंद्राची राख आमच्या खिडक्यांवर, आणि ऐन धड्यात लाईटही आमचीच जाते. दिवाळीपर्यंत थांबा.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ईश्वरी

नांदूरघाट, २ जुलै

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

हे म्हणतात, घर म्हणतो, जायचं म्हणतो, मग समजायचं काय राहिलं? त्याचे तिकडचे दोस्त सांभाळायला तयार हाईत. तू एकटी दुकान बघणार का त्याला? आणि चाळिशीत ही शाळा कावून गं? तू आरशासमोर तोंड वाकडं करून शब्द घोकतीस, ही खबर इथवर आली. मी लई हसले, मग रडू आलं. गणपती झाले की हे तिकीट काढणार.

वेळेवर जेवत जा. राग धरू नको.

ताई

परळी, २० ऑगस्ट

ताई,
शरणार्थ.

ऐकण्याच्या परीक्षेत नापास झाले. पुन्हा बसणार आहे. तोवर तिकीट काढू नका, एवढं दाजींना माझ्या नावानं सांग. जायचं असेल तर मीच त्याला बसवून देईन, पण त्याचं पुरतं ऐकल्याशिवाय नाही.

ईश्वरी

परळी, १२ सप्टेंबर

प्रिय ताई,
शरणार्थ.

सध्या बाई ‘असं असतं तर तसं झालं असतं’ अशी वाक्यं शिकवतात. काल मी दुकानात कापडाच्या घड्या घालत होते. वीरेश नेहमीसारखा पुटपुटला, आणि माझा हात थांबला. त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो म्हणाला, “तुझ्या घरावर ओझं नसतो, तर मला जायचंच नसतं.”

इतके दिवस मी नुसतं ‘घर’ आणि ‘जायचं’ ऐकत होते गं.

मग मी ग्रीकमध्येच त्याच्यावर ओरडले. ओझं कुणी ठरवलं, मला विचारलंस का, असं बरंच काही. रागात क्रियापदं चुकली. त्यानं ती सुधारून दिली आणि वर स्वतः भांडला. गिऱ्हाईक पायरीवरूनच परत गेलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच असे कडाकडा भांडलो. शेवटी म्हणाला, दुकानात बसून राहणार असेन तर काम दे. आज सकाळपासून डाव्या हातानं कापड मोजतोय.

परीक्षा पुढच्या महिन्यात. जीव लावत राहा.

ईश्वरी

नांदूरघाट, १८ सप्टेंबर

चि. ईश्वरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. तवापासून यांनी तिकिटाचं नाव पुन्हा काढलं न्हाई. पोळ्याची पुरणपोळी त्याला कुणी विचारली न्हाई, म्हणून रविवारी करून आणते.

‘राहा’ला तिकडं काय म्हणतात, ते मराठी अक्षरांत लिहून पाठव. वाटेत पाठ करीन.

तुमची दोघांची,
ताई