ह्यांच्यामागचा पहिला रोवणा

३ जुलै
आज पुन्हा खाटेखाली शिरले. भर दुपारी! ढग पार लाखनीच्या अंगाला गुरगुरत होते, आमच्या अंगणात ऊन होतं. तरी शिरले. उर्वशीने वाकून विचारलं, "आई, मी पण येऊ का आत?" सात वर्षांची पोर. तिला खेळ वाटला.

४ जुलै
झोप नाही.

७ जुलै
वाफ्यातले धानाचे पऱ्हे हातभर वाढलेत. अजून थोडे दिवस, मग रोवून उपयोग नाही. सासूबाई सकाळपासून रोवणाऱ्या बायका शोधत फिरल्या. कोणी हो म्हणेना.

कशा म्हणतील? मागच्या रोवण्यात आमच्याच शेतातल्या बांधीत ह्यांच्यावर ईज पडली. ढग पाहून मी हाक मारली होती. "एवढा कोपरा करून येतो," म्हणाले. मी बांधावर डबा घेऊन उभी. पुढचं लिहवत नाही.

तेव्हापासून मी त्या वाटेलासुद्धा गेले नाही. बायकांना काय बोलू?

आणि माझं नाव — दामिनी! ह्यांच्या तेरवीला मागे कोणीतरी कुजबुजलंच, "तिच्या नावातच ईज हाये." खरं असेल तर? उर्वशीला जवळ घेतानाही हे मनात येतं. घेते आणि सोडते.

८ जुलै
बपेऱ्याहून भावाचा फोन. भुपेंद्र म्हणाला, "कायले तिथं भेत भेत रायते? पोरीले घेऊन ये इकडं." हो म्हणाले. पिशवी भरली.

सासूबाईंनी पिशवी पाहिली. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "तू जाय माय. मी एकटी रोवतो. सचिन माहा एकच लेक होता. आता मले काय होते?"

गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय उठता येत नाही त्यांना. आणि एकटी — त्या बांधीत!

९ जुलै
खरंच गेल्या. मी दारात उभी. दुपारी आभाळ काळं झालं. जायचं होतं, त्यांना आणायचं होतं — पाय उंबऱ्याबाहेर पडेना. दाराची कडी धरून रडले फक्त.

शकुनबाई त्यांना धरून घेऊन आली. गावातल्या रोवणाऱ्या बायकांची टोळी तिचीच. चिखलाच्या पायांनी दारातच उभी राहून माझ्यावर ओरडली, "एवढी भेते तं घरात बसून काहून भेते? बाहेर बसून भे! आभाळ पाय, आम्हाले सांग. तू लक्ष ठेवशील तं आम्ही उतरतो तुमच्या बांधीत."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. का हलवली?

१२ जुलै
ठरलं ते असं — मी शाळेच्या व्हरांड्यात बसायचं. तिथून बांधी दिसते. भुपेंद्रने बपेऱ्याहून फोनवरच सांगत इजेचा इशारा देणारं ॲप टाकायला शिकवलं. ढग जवळ आले की थाळी बडवायची, बायकांनी धावत शाळेत यायचं.

दिवसभर फोन आणि आभाळ, आभाळ आणि फोन. पाणी प्यायलाही भीती. तेवढ्यात काही झालं तर!

१४ जुलै
थाळी बडवली. सगळ्या धापा टाकत आल्या. बसून राहिलो. एक थेंब नाही! लख्ख ऊन पडलं.

टोळीतली देवकाबाई चिडली. "हिच्या भेवापायी रोवणा होत नाई बाप्पा आपला." शकुनबाई पदर खोचून बांधीकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही, तेच जास्त लागलं.

उद्या बडवू की नको? आणि नाही बडवली, तर?

१६ जुलै
अक्षर वाकडं येतंय.

ढग तलावावरून चढले. थाळी बडवली. सासूबाई आल्या, शकुनबाई आली, तिच्यामागे बाकीच्या. देवकाबाई वाकलेलीच! मी बडवतेय, बडवतेय — ती मान वर करेना. हातवारे करून दाखवलं, एवढी जुडी रोवून येते.

एवढा कोपरा करून येतो...

थाळी कधी टाकली आठवत नाही. बांधीत होते मी. गुडघ्याएवढा चिखल. तिचं मनगट धरून ओढलं. "पागल झाली का व तू!" ती ओरडत होती, मी ओढत होते. शाळेत पोचलो आणि पाऊस कोसळला. ईज नाही, नुसता पाऊस.

भिंतीला टेकले तर दात वाजायला लागले. थांबेचनात. देवकाबाई आपल्या ओल्या पदराने माझ्या पायाचा चिखल पुसायला लागली.

"येवढी भेते, अन् आली कशी तू?"



१७ जुलै
अर्ध्याच्या वर बांधी रोवून झाली. सासूबाईंनी भाकर वाढली, मी आणखी एक मागितली. त्या तव्याकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. रात्री उर्वशीला कुशीत घेतलं. सोडलं नाही. भीती आहेच. पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले.

१९ जुलै
आज थाळी बडवली तशा सगळ्या आल्या, देवकाबाई सगळ्यांत पुढे. पदर पिळतच होत्या, तेवढ्यात ईज पडली. आमच्याच बांधीत.

बांधीत कोणी नव्हतं.