अमरावती आणि अकोल्याच्या मधलं ऊन

४ मार्च
यंदा कुरड्या करू का, एवढंच विचारलं. लेकीनं, सुनीनं, फोन ठेवला.
शेजारी कमलबाईंनी गहू भिजत घातलेत. आंबूस वास भिंतीवरून इकडे येतो. खिडकी लावून घेतली.
पोरीचं एकच. "म्या कुरड्या मागतल्या नसत्या तं बाबा उन्हात निघालेच नसते." हे गेले त्याला दोन वर्षं, तेव्हापासून हेच. डॉक्टर म्हणाले होते हृदय बंद पडलं, ते तिच्या डोक्यात शिरत नाही. यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनालाही अकोल्याहून आली नाही. नातवाला अजून उन्हात सोडत नाही. जावई सांगतात, मार्च लागला की घराची दारं-खिडक्या बंद.

७ मार्च
पेपर मोठ्यानं वाचते. घरात आवाज हवा. शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत शिकले, तेव्हापासून मोठ्यानं वाचायची सवय. हे हसायचे. आता कुणी हसत नाही, वाचायला मोकळीक.
हवामानाच्या बातमीत 'गेल्या वर्षी याच दिवशी' असं होतं. म्हणजे जुनं ऊन कुठंतरी लिहून ठेवतात!
जावयांना फोन केला. हे गेले त्या दिवसाचं, दोन वर्षांपूर्वीच्या २७ मार्चचं, ऊन सापडेल का?
"आई, आता काहून शोधून राहिल्या?"
"सापडते का नाही तेवढं सांगा."
"पाह्यतो."
त्या दिवशी ऊन फार नव्हतं असं निघालं तर पोरीपुढं ठेवता येईल. मग तरी...

९ मार्च
जावयांनी फोनवर पान पाठवलं. अमरावती, २७ मार्च. सूर्योदय, सूर्यास्त, वारा, ढग. सकाळी ढगाळ, ऊन नेहमीइतकंच. भिंगानं पुन्हा पुन्हा वाचलं.
ढग होतेच. आदल्या दिवशीपण होते, म्हणून तर कुरड्या आतून ओल्या राहिल्या. मी म्हटलं, उद्या वाळवून न्या, डब्यात बुरशी धरतील. तर म्हणाले, "सातवा लागला तिले. खावंसं वाटणं उद्यापर्यंत थांबते काय? रस्त्यानं ऊन भेटलं का पसरतो." डबा मोटारसायकलला बांधला आणि गेले. वळूनही पाहिलं नाही, डबा हलतो का तेच पाहत होते.

१० मार्च
पान सुनीला पाठवलं. दुपारपर्यंत काही नाही. मग तिच्याकडूनही एक पान आलं. तीच तारीख, अकोल्याचं. ढगांचं नाव नाही. आकडा चाळिशीपार. खाली लिहिलं होतं, 'मी अकोल्यात होते. मला माहीत आहे.'
म्हणजे हे पान तिच्याकडं आधीपासून होतं. एकटी बघत बसत असेल.
दोन्ही पानं शेजारी धरली. सूर्यसुद्धा एका वेळी मावळत नाही, अकोल्यात तीन मिनिटं उशिरा. आणि गेले तेव्हा हे ना अमरावतीत होते, ना अकोल्यात. मूर्तिजापूरच्या पुढं, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली. त्या लिंबाचं पान कुठून काढायचं?
जावई म्हणाले, मधल्या जागेचं नाव टाकलं तर ते हवामानाचं पान अंदाजानंच सांगते.
अंदाज तर माझ्याकडंही आहे.

१३ मार्च
दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याशी, तेही सुट्या पैशांपुरतं. कमलबाईंच्या गच्चीवर पांढऱ्या कुरड्या. एक डिश भरून आणून दिल्या त्यांनी. तळल्या नाहीत.
लिंबासमोर चहाची टपरी आहे. तिथल्याच बाईनं त्या दिवशी यांच्या फोनवरून मला कळवलं होतं. तिला कधी काही विचारलं नाही. विचारायचं काय, हेच सुचलं नव्हतं.

१६ मार्च
एसटीनं जाऊन आले. कंडक्टर म्हणे, इथं कोणी उतरत नाही मावशी. म्हटलं, मी उतरते.
टपरीवरच्या बाईनं मला नाही, नाव सांगितल्यावर यांना ओळखलं. "कुरडीवाले बाबा?"
ऊन होतं का, विचारलं. "बाप्पा! मार्च मईना, ऊन नाई तं काय राहीन?" मग पुढं म्हणाली, "पन कुरड्या उन्हात अन् बाबा सावलीत. दुपट्ट्यावर पसरल्या, अन् बसले लिंबाखाली कावळे हाकलत. दोनदा चहा घेतला."
एवढ्याशासाठी कायले बसले, असं तिनं विचारलं होतं यांना. तर म्हणाले, "पोरगी मायवर गेली माही. ओल्या नेल्या तं दारातूनच वापस करन."
ती घरी जेवून आली तोवर यांनी मान टाकली होती. झाडाला टेकूनच.
परतताना बसमध्ये मला हसू येत होतं. मायवर गेली म्हणे. शेजारची बाई सरकून बसली.

१७ मार्च
सुनीला सगळं सांगितलं, मधे थांबले नाही. नातवाची किरकिर ऐकू येत होती, म्हणजे फोन चालू होता.
मग म्हणाली, "सावलीत होते असं तुले बरं वाटावं म्हणून सांगितलं असंन तिनं."
"तू विचार मग."
"विचारतो. त्याच दिवशी येतो तिथं. दुपारीच."
"लेकराले घेऊन? सकाळी ये बाई, ऊन..."
"दुपारीच, आई."
दोन वर्षं मीच तिला उन्हात काढायला बघतेय, आणि आता मलाच भीती.

२७ मार्च
लिंबाखाली बसून लिहिते आहे. ऊन आहे, मधूनच एखादा ढग. वारा बरा आहे.
जावयांचा फोन आला होता. सुनी सकाळीच चपला घालून दारात उभी होती म्हणे. पोराच्या डोक्याला ओला पंचा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. त्यानंतर ते कामावर गेले. आता ती फोन उचलत नाही. गाडीत असेल. नाहीतर दारातच.
अकोल्याकडून दोन एसट्या गेल्या. थांबल्या नाहीत.
टपरीवालीनं खुर्ची दिली. "पोरगी येईन, बसा." थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "उठा जरा, ऊन आलं पायावर." खुर्ची सरकवून दिली.
झाडाची सावली फिरतेच आहे. पुन्हा एकदा सरकावं लागणार असं दिसतं.